बीच रिसॉर्टवरची म्हैस

अक्षय्य तृतीयेचा दिवस, सकाळचे साडेनऊ. स्थळ, फुलसावंगीच्या रस्त्याला एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं केलेलं टिनाचं शेड. पाटी रंगवण्याचे ठरलेले बाराशे रुपये, दिलेले हजार, अडवून धरलेले दोनशे. उपस्थित चौघे: हॉटेलचे मालक मनोहरभाऊ, त्यांच्या पत्नी शोभावहिनी, पाटी रंगवणारा सलीम पेंटर, आणि शेजारी या नात्याने मी. दोनशे रुपये अडवले होते ते एका म्हशीवरून.

पाटीवर मोठ्या लाल अक्षरांत ‘बीच रिसॉर्ट’ लिहिलेलं होतं. त्याखाली बारीक अक्षरांत चहा, आलुबोंडा, तर्रीपोहे. अक्षरांच्या मागे निळा समुद्र, नारळाची दोन झाडं, मावळता सूर्य, आणि उजव्या कोपऱ्यात गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली एक म्हैस.

“हे काय होय बे सलीम?” मनोहरभाऊंनी विचारलं.

“म्हैस, भाऊ.”

“ते दिसून राह्यलं मले. समुद्रात म्हैस कायले?”

“पानी है तो भैस आयेगी ना, भाऊ. आपल्या धरणात नाई बसत का?”

“धरणात बसते. समुद्रात नाई बसत.”

“तुमी पाह्यला का समुद्र?”

मनोहरभाऊंनी उलट “तू पाह्यला का?” एवढंच विचारलं.

“मी कुठी पाह्यला? मी आर्णीच्या पुढं नाई गेलो.”

“इथी कोनंच नाई पाह्यला,” शोभावहिनी म्हणाल्या. “नारळ फोडा आता. ऊन चढून राह्यलं.”

तेव्हा असं ठरलं की समुद्रात म्हैस बसते की नाही याचा निकाल लागेपर्यंत दोनशे रुपये द्यायचे नाहीत. मी पंचायत समितीच्या लेखा विभागात काम करतो. आमच्याकडे अशा रकमेला ‘आक्षेपाधीन’ म्हणतात. मी तसं म्हणालो, ते सगळ्यांना पटलं आणि नारळ फुटला. सर्वांत जवळचा समुद्र तिथून पाचशे किलोमीटरच्या पलीकडे होता.

मनोहरभाऊ माझे भिंतीला भिंत लागलेले शेजारी. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी महागावच्या बसस्थानकावर गेली. जाळीची खिडकी, समोर माइक, बाजूला पाण्याची बाटली. त्यांच्याकडे दोन मराठ्या होत्या. माइकचं बटण दाबलं की पहिली सुरू व्हायची. “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. उमरखेड, नांदेड, लातूर, सोलापूरमार्गे कोल्हापूरला जाणारी बस फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे.” बटण सोडलं की त्याच श्वासात दुसरी. “अबे, म्हातारीले चढू दे ना पहिले! डोये फुटले का तुहे?” एवढ्या वर्षांत एक मराठी दुसरीत सांडल्याचं कोणी ऐकलं नाही. याचा त्यांना अभिमान होता. “माइक सरकारचा हाये,” ते म्हणत. “घरचं घरी बोलाव.”

निवृत्तीनंतर माइक गेला, पण पहिली मराठी गेली नाही. भाचीच्या लग्नात मंडपात माइक होता आणि तो कोणीतरी कौतुकाने त्यांच्या हातात दिला. मुलाकडचे लोक नेरहून येणार होते आणि मुहूर्त टळत चालला होता. मनोहरभाऊंनी बटण दाबलं. “पाहुणे मंडळींनी कृपया इकडे लक्ष द्यावे. नेरहून येणारी वराकडील गाडी सुमारे दीड तास उशिराने धावत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” मुलाचे काका स्वतःच्या मोटरसायकलवर आधी पोचले होते. ते उठून उभे राहिले. आमच्या उशिराची दिलगिरी तुम्ही कोण व्यक्त करणार, यावर पाऊण तास गेला. तेवढ्यात गाडी आली, म्हणून लग्न लागलं.

घरीही तेच. भिंतीपलीकडून मला रोज सकाळी ऐकू यायचं: “शोभा, चहा कोणत्या फलाटावर लागला?”

“ओट्यावर लागला. सुटाच्या आत या.”

आता मुख्य गोष्ट सांगतो. ज्या माणसाने आयुष्यभर हजारो लोकांना गाड्यांत बसवलं, त्याला स्वतःला गाडी लागत असे. बसमध्ये बसलं की पहिल्या वळणाला तोंडाला पाणी, दुसऱ्याला घाम, आणि तिसऱ्याला खिडकी. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खात्यातल्या लोकांनी कधी त्यांना प्रवासाचा पास वापरताना पाहिलं नव्हतं. त्यांचं लग्न वहिनींच्या गावी, पुसदच्या पलीकडे होतं. वऱ्हाडाची एसटी होती आणि नवरदेव खिडकीशी. आपल्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार असते, तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं असतं. मांडवात उतरले तेव्हा कट्यार होती, टोकाला लिंबाची नुसती साल होती.

“बाकीच्या बायांनी नवरदेवाचं तोंड पाह्यलं,” वहिनी सांगत. “मी लिंबू पाह्यलं. म्हटलं, ह्यानं रस्त्यातच चोखून टाकलं. याच्यासंगं कुठी जाणं होईन का आपलं?”

जाणं झालं ते बसस्थानकापर्यंत. लग्नानंतर वहिनी डबा घेऊन जात आणि त्या जाळीपाशी थांबत. एकदा त्यांनी विचारलं की ही कोल्हापूरची गाडी जाते, त्याच्या पुढे काय आहे. भाऊ म्हणाले, पुढं घाट, घाटाच्या खाली समुद्र. वहिनी म्हणाल्या, दाखवसान का? भाऊ म्हणाले, दाखवतो. दोन शब्दांचं हे बोलणं, डब्याच्या झाकणावर झालेलं, पण वहिनींनी ते धरून ठेवलं. वणीला दिलेली त्यांची मुलगी दर दिवाळीला म्हणायची, “आई, मी नेतो तुले.” वहिनींचं उत्तर ठरलेलं असायचं: “ज्यानं म्हटलं त्यानं न्यावं. बाकीच्यायनं कायले तरास घ्याव?”

त्यात राग नव्हता. पण सवलतही नव्हती.

भाऊंची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचं म्हणणं होतं की त्यांना गाडी लागत नाही, वळण लागतं. याला त्यांच्याकडे पुरावा होता. कधीकाळी कोर्टाच्या साक्षीसाठी ते वर्ध्याहून नागपूरला रेल्वेने गेले होते आणि त्यांना काही झालं नव्हतं. “कारन रूळ सरळ हाये,” ते म्हणत.

“मंग नांदेडहून रेल्वेनं जा,” वहिनी म्हणत.

“नांदेडपरेंत काय रूळ हाये का? तथपरेंत बसच हाये ना!”

अशा अडचणीत असताना गोव्याला जाणाऱ्या नव्या महामार्गाची बातमी आली. विदर्भातून निघणार, आपल्या जिल्ह्यातून जाणार आणि थेट समुद्रावर उतरणार. सगळ्यांच्या मोबाइलवर एक नकाशा फिरायला लागला. त्यात एक लाल रेघ होती. लोक बोटांनी नकाशा मोठा करून आपापलं वावर शोधत. ज्याला पैसे हवे होते त्याला रेघ आपल्या वावरातून जाताना दिसे. ज्याला जमीन राखायची होती त्यालाही ती आपल्याच वावरातून जाताना दिसे. रेघ जाड होती आणि नकाशा लहान. मनोहरभाऊंना ना वावर होतं ना पैशाची आशा. त्यांनी रेघेचं एकच लक्षण पाहिलं.

त्या संध्याकाळी ते मोबाइल घेऊन माझ्या ओट्यावर आले. “ऑडिटर, हे पाय.” मी ऑडिटर नाही, पण लेखा विभागातल्या कोणालाही ते ऑडिटर म्हणत. “पाय कशी हाये.”

“कशी?”

“सरळ! रुळावानी! एक वळण दाखव मले याच्यात.”

मी म्हटलं, भाऊ, नकाशावर सगळेच रस्ते सरळ दिसतात. ते म्हणाले, नाही, हा डोंगर फोडून जाणार आहे. यावर बसलं की डोळे मिटायचे आणि समुद्रावर उघडायचे. मग भिंतीकडे तोंड करून, वहिनींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “रस्ता झाला की पहिल्या गाडीत आपन दोघं.”

भिंतीपलीकडून भांडं आपटल्याचा आवाज आला. एवढंच.

हॉटेल त्यातून निघालं. रस्ता येईल तेव्हा आपण रस्त्यावर हजर असावं, असा त्यांचा विचार होता. गाडीची वाट पाहायला त्यांना नोकरीतच शिकवलं होतं, फक्त आता खिडकीऐवजी कढई होती. नावावरून आमचा वाद झाला. मी म्हटलं, बीच म्हणजे समुद्राचा किनारा, इथे तो नाही, लोक हसतील.

“तुले इंग्रजीच आठवते,” भाऊ म्हणाले. “बीच म्हंजे मंधी. नागपूर आन् गोव्याच्या बीच.”

मी हिशोब मांडला. इथून नागपूर अडीचशेच्या आतबाहेर, गोवा त्याच्या दुपटीहूनही लांब. हे काही मध्य नव्हे.

“बीच म्हंजे अर्ध नाई ना बे! तुह्या घराच्या आन् माह्या घराच्या बीचमंधी भिंत हाये. ते काय दोघायच्या घराच्या अर्ध्यावर हाये का? तुहं घर मोठं हाये.”

माझं घर खरंच दीड खोलीने मोठं आहे.

सलीमला मात्र त्यांनी अर्थ सांगितला नाही, फक्त शब्द सांगितला. सलीमच्या मेहुण्याच्या मोबाइलवर बीचचे फोटो होते, त्यातून समुद्र आणि नारळ आले. म्हैस त्याने मनाने घातली.

हॉटेल चालण्याविषयी थोडक्यात सांगायचं तर चहा चांगला होता. ट्रॅक्टरवाले थांबत, मेंढपाळ थांबत, फुलसावंगीच्या बाजाराच्या दिवशी गर्दी होई. एकदा पांढऱ्या गाडीतून गोव्याला निघालेलं नागपूरचं एक कुटुंब उतरलं. त्यातल्या बाई काळा चष्मा वर करून सगळीकडे पाहत म्हणाल्या, “भैया, बीच किधर है?”

मनोहरभाऊ ताठ उभे राहिले. पहिली मराठी सुरू झाली. “आपण ज्या ठिकाणी उभ्या आहात, तेच बीच आहे.”

बाईंनी शेडकडे पाहिलं, तुरीच्या वावराकडे पाहिलं, पाटीवरच्या म्हशीकडे पाहिलं. “और समुंदर?”

“समुद्र पुढे आहे. प्रवाशांनी येथे चहा घ्यावा.”

त्यांनी घेतला. जाताना फोटोही काढला, म्हशीसकट. वहिनी कढईमागून हे सगळं पाहत होत्या. गाडी गेल्यावर म्हणाल्या, “ते चालले. उद्या पोचतीन. ना रस्ता ना फस्ता.”

भाऊ भजी तळण्यात गुंतले.

पुढे लाल रेघ हलली. नवा नकाशा आला, त्यात ती अलीकडे सरकली होती. भाऊंनी शेडचे नटबोल्ट काढले. शेड त्यांनी तशाच बेताने करून घेतलं होतं. टिनं, पाइप, पाटी आणि कढई एका ट्रॉलीत बसत. बीच रिसॉर्ट महागावच्या बाजूला एका नाल्याकाठी आलं. काही महिन्यांनी रेघ पुन्हा हलली आणि रिसॉर्ट पुन्हा ट्रॉलीत चढलं. लोक एकमेकांना विचारायचे, “आज बीच कुठी हाये?” त्यांना हसायला विषय मिळाला होता, पण चहाला तेही यायचे. पाटी प्रत्येक हलवण्यात थोडी थोडी खरवडली. सूर्य जवळजवळ गेला, एक नारळ गेला. म्हैस टिकली. सलीम म्हणायचा, “देखो भाऊ, असली कलर उसीमे डाला था.”

तिसरी जागा पंजाबरावांच्या वावरातली. पंजाबराव भाऊंचे शाळेपासूनचे मित्र. कपाशी आणि तूर, स्वभाव कडक. त्यांनी धुऱ्याचा तुकडा फुकट दिला. भाड्याचं नाव काढलं तर म्हणाले, “रोज एक चहा पाज. फुकटचा.” ट्रॉलीही त्यांचीच होती. दोघं संध्याकाळी शेडपुढे बाजेवर बसत. पंजाबराव पिकावरच्या अळीचं बोलत आणि भाऊ रस्त्याचं. एकमेकांचं ऐकण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे मैत्री टिकली होती.

मग एका सकाळी मोजणीवाले आले. त्यांच्याबरोबर उन्हाने लाल झालेला एक तरुण इंजिनिअर होता. त्याने यंत्र लावलं, माणसांना खुणा केल्या आणि पंजाबरावांच्या वावरात, शेडपासून हाकेच्या अंतरावर, एक पिवळा दगड रोवला गेला. मी त्या दिवशी घरकुलांच्या पाहणीवरून परतताना चहाला थांबलो होतो. भाऊंचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. हातातला झारा तसाच धरून ते दगडापर्यंत गेले, त्याच्याकडे पाहिलं, आणि माइक नसताना, उघड्या वावरात, पूर्ण आवाजात म्हणाले, “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. गोव्याकडे जाणारा महामार्ग आपल्या फलाटावर लागलेला आहे!”

मोजणीवाले हसले. वहिनी हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं म्हणून सांगतो, त्या क्षणी त्यांचाही विश्वास बसला होता.

बांधापलीकडे पंजाबराव उभे होते. ते हसले नाहीत. ते दगडाकडे पाहत होते. दगड त्यांच्या तुरीच्या ओळीत होता.

“मन्या,” ते म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “तुह्या बायकोले समुद्र दाखवासाठी माहं वावर जाईन का?”

झाऱ्यातून तेल ठिबकत होतं. भाऊंकडून पहिली मराठीही नाही आणि दुसरीही नाही.

इंजिनिअर चांगला मुलगा होता. वातावरण पाहून तो मधे पडला आणि भाऊंना म्हणाला, “काका, अजून काही नक्की नाही. आखणी बदलू शकते. आणि झाला तरी हा रस्ता जमिनीपासून उंच असेल, दोन्ही बाजूंना कुंपण. इथून त्यावर चढता येणार नाही.”

“मंग कुठून चढाचं?”

“चढायच्या जागा ठरावीक असतात. तीसचाळीस किलोमीटरवर असेल एखादी.”

“तथपरेंत कसं जाव?”

“आहे ना जुना रस्ता. बसनं.”

भाऊंनी मान डोलावली. इंजिनिअरला चहा दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. तो गेल्यावर त्यांनी पाना काढला आणि शेडचे बोल्ट सोडवायला लागले. पंजाबराव बांध ओलांडून आले. मग म्हणाले, “मी काय जाय म्हटलं का तुले?”

“नाई म्हटलं.”

“मंग कायले खोलून राह्यला?”

“गंज चढला,” भाऊ म्हणाले.

पंजाबरावांनी जाऊन ट्रॅक्टर आणला. टिनं दोघांनी मिळून चढवली. या वेळी ट्रॉली नव्या जागेकडे न जाता घराकडे आली. पाटी आमच्या दोघांच्या घरांच्या बीचमधल्या भिंतीला टेकवून ठेवली. तेव्हापासून रोज ऑफिसला निघताना मला ती म्हैस दिसायची.

त्यानंतर काही दिवस भिंतीपलीकडून चहाची घोषणा ऐकू आली नाही. एकदा भाऊ ओट्यावर बसले असताना मी रस्त्याचा विषय काढला. ते म्हणाले, “रस्ता सरळ हाये, ऑडिटर. आपनच आडवे आलो.”

वहिनींच्या बचतगटाची सहल त्याच सुमारास ठरली. एसटीने कोल्हापूर, तिथून पुढे रत्नागिरीकडे, गणपतीपुळ्याला. बायकांना अर्धं तिकीट, देवदर्शन, आणि देवळासमोरच समुद्र. गटाच्या अध्यक्षबाई नाव विचारायला आल्या तेव्हा भाऊ दारातच बसलेले होते. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “माहं लिवा. मी जातो.”

“एकलीच?” भाऊंनी विचारलं.

“तुमी म्हटलं होतं दाखवतो. तुमाले जमलं नाई. माहे डोये हायेत, मी पाहून येतो. आल्यावर तुमाले सांगतो कसा असते.”

हे सगळं इतक्या साध्या आवाजात झालं की अध्यक्षबाईंनी फक्त नाव लिहिलं आणि निघून गेल्या.

जाण्याच्या दिवशी मी वहिनींची बॅग माझ्या स्कूटरवर बसस्थानकापर्यंत नेली. भाऊ पायी आले. गाडी फलाटावर लागलेली होती, गटातल्या बायका खिडक्या अडवून बसल्या होत्या. वहिनींची जागा मधल्या रांगेत खिडकीशी, शेजारची सीट रिकामी. गाडी सुटायला थोडा अवधी होता. भाऊ जाळीच्या खिडकीकडे गेले. आताचा नियंत्रक त्यांच्याच हाताखाली शिकलेला. दोघांचं काहीतरी बोलणं झालं आणि तो उठला. भाऊ खुर्चीवर बसले, आधी माइकवर फुंकर मारली, नेहमीसारखी.

“प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. उमरखेड, नांदेड, लातूर, सोलापूरमार्गे कोल्हापूरला जाणारी बस फलाट क्रमांक दोनवरून सुटत आहे. प्रवाशांनी आपापले सामान सांभाळावे.”

आवाज तोच होता. जुने फेरीवाले मान वर करून पाहायला लागले. मी बटण सुटल्याचा टक् आवाज येण्याची वाट पाहत होतो. तो आला नाही. कर्ण्यातून नुसती घरघर येत राहिली. मग साऱ्या बसस्थानकाने ऐकलं:

“शोभा... लिंबू घेतलं का वं?”

चहावाला थांबला. वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. संकोच नाही, काही नाही, हात तोंडाशी धरून ओरडल्या, “घेतलं! दोन घेतले!”

पुन्हा घरघर.

“मंग गाडी थांबवा बे. एक प्रवासी येऊन राह्यला.”

वाहक दोरीला हात घालून होता, त्याने तो काढून घेतला. भाऊ पळत आले असं म्हणता येणार नाही, पण त्यांच्या चालण्याला पळण्याचा आकार होता. अंगावर घरचा सदरा, पायात चपला, सोबत काही नाही. चढले आणि त्या रिकाम्या सीटवर बसले. वाहकाने तिकीट विचारलं. वय झाल्यामुळे भाऊंचंही अर्धंच.

“उमरखेड, एक,” ते म्हणाले.

“भाऊ, वयनी तं कोल्हापूरले चालल्या.”

“मले मालूम हाये. मी उमरखेडपरेंत पाहून घेतो.”

गाडी हलली. मला शेवटचे दिसले ते असे: वहिनींनी खिडकीची जागा त्यांना दिली होती, त्यांनी लिंबू नाकाशी धरलं होतं, डोळे घट्ट मिटले होते, आणि पहिलं वळण अजून आलेलं नसताना आधीच खिडकीबाहेर झुकले होते.

रात्री वहिनींचा निरोप आला की उमरखेडला भाऊंनी नांदेडचं तिकीट काढलं आणि नांदेडला लातूरचं. टप्प्याटप्प्याने काढलं की सरळ तिकिटापेक्षा जास्त पैसे जातात, हे मी त्यांना कळवलं. त्यावर उत्तर आलं नाही. बहुधा वळण होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसात असताना फोन वाजला. आधी नुसता मोठा आवाज, वाऱ्याचा आणि आणखी कशाचा तरी. मग घसा बसलेली, पण तीच पहिली मराठी.

“ऑडिटर साहेबांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. समुद्रात म्हैस आहे.”

“काय म्हणता भाऊ?”

“दोन हायेत. काठाले बसून राह्यल्या, गळ्यापरेंत पाण्यात. एक मानूस धुऊन राह्यला त्याईले.” मागून वहिनींचं हसणं ऐकू आलं, आणि त्यांचा आवाज: “त्याले सांगा, पानी खारं हाये!” भाऊ म्हणाले, “आइकलं का? पानी खारं हाये म्हनते. आन् सलीमचे तेवढे देऊन टाकजो.”

त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता, माझ्या ओट्यावर, पंजाबरावांच्या समक्ष, सलीम पेंटरला दोनशे रुपये रोख दिले. त्याने नोटा खिशात घातल्या आणि भिंतीला टेकलेल्या पाटीवरची धूळ बाहीने पुसली. दुसऱ्या म्हशीचे त्याने मागितले नाहीत.